‘दाहोमे’: सव्वीस नंबरचा राजा

संग्रहालयात नोकरीला होते तेव्हा आलेल्या प्रत्येक वस्तूवर नोंदणी क्रमांक घालणं हे माझं काम. आधी लाखेचा पातळ थर, तो वाळला की बारीक कुंचल्याने आकडे. तेही पाठीमागे, बघणाऱ्याच्या नजरेला येणार नाहीत असे. हजारो वस्तूंवर घातले असतील. ज्याच्यावर आकडा पडतो त्याला काय वाटत असेल, हे मात्र दिग्दर्शिका मती दिऑपचा ‘दाहोमे’ हा माहितीपट पाहीपर्यंत कधी मनात आलं नव्हतं.

१८९२ मध्ये फ्रेंच फौजेने दाहोमेचं, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या आजच्या बेनिनमधलं राज्य जिंकलं आणि राजवाड्यातल्या वस्तू लुटून नेल्या. त्यातल्या २६ वस्तू २०२१ मध्ये पॅरिसहून परत गेल्या. राजा गेझोचा पुतळा त्यातला सव्विसावा. खोक्याचं झाकण बसतं, पडदा काळाठिक्कर होतो, स्क्रू आवळल्याचा आवाज येतो आणि त्या अंधारातून पुतळा ‘फोन’ नावाच्या तिथल्या भाषेत बोलू लागतो. इतक्या वर्षांनी बाहेर पडतोय, तर नाव गेलेलं, हाती नुसता २६ हा आकडा. मी तिथे सिनेमा थांबवला. पाणी पिऊन आले, मग पुढचा पाहिला.

बेनिनमध्ये खोकी उघडल्यावर वस्तूंची अवस्था एकेक करून नोंदवतात, ते दृश्य आमच्या कामाइतकं खरं आहे. पण सिनेमाचा जीव आहे तो आबोमे-कालाव्ही विद्यापीठातल्या मुलांच्या वादात. हजारो वस्तू तिकडेच असताना २६ परत देणं हा अपमान आहे, असं तिथे ठणकावून सांगितलं जातं. अन् हा वाद चालतो फ्रेंचमध्येच! त्याची सलही तिथेच बोलून दाखवली जाते.

शेवटी रात्रीच्या रस्त्यांवर पुतळ्याचं काव्यमय बोलणं जरा लांबतं. त्याऐवजी खोकी वाहणाऱ्या कामगारांना बोलू द्यायला हवं होतं.

२०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली, तेव्हा रांगेत मीही होते. गर्दीत एक लहान मुलगा आईला विचारत होता, “आता इथेच राहणार ना?” तीन वर्षांच्या बोलीवर आणलीत, हे त्याला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

सिनेमा सव्वा तासाहूनही लहान आहे. बर्लिनच्या महोत्सवात त्याला २०२४ चं सुवर्ण अस्वल, म्हणजे तिथलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. घरी पाहणार असाल तर दिवे मालवा आणि कानाला हेडफोन लावा. खोक्यातला तो अंधार ऐकायचा आहे.