टेपर ओळखूनच टूल होल्डर देणारे रत्नागिरीचे दुकान

रत्नागिरीत मिरजोळे औद्योगिक वसाहतीजवळ लेथ, ड्रिलिंग आणि मिलिंग मशीनला लागणाऱ्या नव्या-जुन्या टूल होल्डरचे (हत्यार यंत्रात धरून ठेवणाऱ्या भागांचे) एक दुकान आहे. स्लीव्ह (लहान दांडा मोठ्या भोकात बसवणारी नळी), सेंटर (कामाला आधार देणारे टोकदार भाग), ड्रिल चक, कोलेट चक (ड्रिल वा कटर पकडणारे भाग) असा माल इतरत्रही मिळतो. या दुकानाची शिफारस मी करतो ती टेपर (शंकूसारखा निमुळता उतार) मोजल्याशिवाय वस्तू न विकण्याच्या त्यांच्या शिस्तीसाठी.

आपल्या किनाऱ्यावर या शिस्तीचे मोल मोठे आहे. बोटींच्या पंख्यांचे शाफ्ट आणि इंजिनांचे भाग दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळांत बहुतेक यंत्रे जुनी, बाहेरून आणलेली असतात. त्यांवरची नामपट्टी गंजून गेलेली असते आणि स्पिंडलला (यंत्राच्या फिरत्या दांड्याला) कोणता टेपर आहे हे खात्रीने सांगणारा कोणी नसतो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत कामाची गर्दी उसळते, तेव्हा न बसणारा स्लीव्ह घरी आला तर यंत्र आणि बोट दोन्ही अडकून पडतात.

मोर्स टेपर (एमटी) या प्रमाणित टेपरचे ० ते ७ असे आठ आकार आहेत. मोठ्या टोकाचा गेज व्यास एमटी २ ला १७.७८०, एमटी ३ ला २३.८२५, एमटी ४ ला ३१.२६७ आणि एमटी ५ ला ४४.३९९ मिलिमीटर असतो. मात्र दुकानातले कारागीर एवढ्यावर थांबत नाहीत. शँक (होल्डरचा निमुळता दांडा) पुसून ते ५० मिलिमीटर अंतरावर दोन ठिकाणी व्यास घेतात. फरक सुमारे अडीच मिलिमीटर आला तर उतार साधारण एकास वीस, म्हणजे मोर्सचा. दोनच्या किंचित वर आला तर जुन्या ब्राउन अँड शार्प टेपरची शंका घ्यावी लागते. केवळ मोठा व्यास पाहणारा माणूस कसा फसतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे आयएसओ ४० टेपर: त्याचा व्यास ४४.४५, म्हणजे एमटी ५ च्या अगदी जवळ, पण त्याचा उतार सातास चोवीस असल्याने त्याच ५० मिलिमीटरमध्ये साडेचौदाहून अधिक मिलिमीटरचा फरक पडतो.

ड्रिल चकच्या मागच्या भोकाबाबतही ते तितकेच काटेकोर आहेत. बी १६ आणि जेकब्स ३३ या चकच्या दोन टेपरच्या मोठ्या टोकांच्या व्यासांत जेमतेम दशांश मिलिमीटरचे अंतर असते, उतार मात्र वेगळे. चक ठोकून बसवला तर बसल्यासारखा वाटतो आणि भार येताच सुटतो. म्हणून आर्बरवर (चक ज्यावर बसतो त्या दांड्यावर) मार्किंग ब्लू या निळ्या रंगाची उभी रेघ ओढून, तो चकमध्ये हलकेच फिरवून, रंग पूर्ण लांबीभर लागला का हे ते गिऱ्हाइकाला दाखवतात. अशी पारख करून देणारे दुकान कोकणात माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

होल्डरच्या शेपटाकडेही त्यांचे लक्ष असते. टँग (शेपटाचे चपटे टोक) मुख्यतः ड्रिफ्टने (पाचरीने) ड्रिल बाहेर काढण्यासाठी आहे. फिरवण्याचा भार टेपरच्या घर्षणाने पेलायचा असतो, त्यामुळे पिळलेला टँग दिसला की ते आधी स्लीव्हच्या आतला भाग तपासायला सांगतात. मिलिंगसाठी शेपटाला आटे असलेलाच होल्डर ते देतात, कारण आडव्या भाराने व थरथरीने मोर्स टेपर सुटू शकतो आणि त्याला ड्रॉ बारने (स्पिंडलमधून जाणाऱ्या, आटे असलेल्या दांड्याने) ओढून धरावे लागते. एमटी ३ ला आटे एम १२ (१२ मिलिमीटर) की अर्धा इंच हा प्रश्नही ते न चुकता विचारतात.

उणिवा आहेत. वापरलेले स्लीव्ह एकाच पेटीत मोकळे ठेवलेले असतात, आणि खाऱ्या दमट हवेत त्यांच्या आत गंजाचे खड्डे पडतात. एवढी अचूक मोजमापे करणाऱ्यांनी तेलाचा कागद गुंडाळण्याचे कष्ट का टाळावेत, हे मला पटत नाही. जुना माल घेताना आतून बोट फिरवून आणि उजेडात धरून पाहावे. एमटी ५ आणि बीटी ४० (सातास चोवीस उताराचा मिलिंगचा टेपर) चे होल्डर बहुधा मागवावे लागतात. किंमतही थोडी चढी असते, पण तपासणीचे वेगळे पैसे ते घेत नाहीत.

जाताना यंत्रात व्यवस्थित बसणारा एखादा जुना सेंटर किंवा ड्रिल सोबत न्यावा. तोही नसेल तर स्पिंडलच्या तोंडाचा व्यास, आतला थोड्या खोलीवरचा व्यास, त्या दोहोंमधले अंतर आणि ड्रॉ बारचे आटे लिहून न्यावेत.