‘कंपाउंड म्हणून टाका की!’ : साताऱ्यात संरक्षक भिंतीचा परवाना काढताना

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कुणाचा कापला ते पुढं येईलच. परवाना देणाऱ्या कार्यालयाचं आणि नकाशा काढून देणाऱ्या आमच्या अभियंत्याचं नाव लिहीत नाही, विचारूही नका.

मी टपाल खात्यात एकतीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसले. त्यामुळं बाहेरच्या बाजूला उभं राहायची वेळ आली की मला जरा जास्तच दिसतं. शिक्क्यावरची तारीख आजची आहे का, आवक क्रमांक शाईनं लिहिलाय की पेन्सिलीनं, आणि समोरचा माणूस ‘उद्या या’ म्हणतो तेव्हा तो स्वतः उद्या येणार आहे का.

आमचं घर साताऱ्याच्या कडेला, डोंगराच्या अंगाला. मागचं अंगण संपतं तिथं नऊ फूट चढ आणि त्यावर शेजारच्या नानांचं परसू. मधे सासऱ्यांच्या काळातली सुकी दगडी ताल, म्हणजे चुना-सिमेंटाविना नुसते दगड रचून माती अडवलेली. २०२४ च्या जुलैत तिनं पोट काढलं. आधी दोन बोटं, महिन्याभरात वीतभर. नाना वरून वाकून बघायचे आणि म्हणायचे, "वहिनी, ताल हाय ती. पोट सुटलं म्हणून कुणी मरतंय व्हय?" पण जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या, त्याच्या बातम्या मी विसरलेले नाही. पाऊस लागला की मी मागच्या खोलीत झोपायचं बंद केलं.

भिंत नवी बांधायची ठरल्यावर ज्याला विचारावं तो एकच सांगायचा : "रिटेनिंग (म्हणजे माती अडवणारी संरक्षक भिंत) कशाला लिहिता? कंपाउंड म्हणून टाका की!" आमच्या अभियंत्यांनी तर न विचारताच टाकलं. परवान्याच्या ऑनलाइन पोर्टलवर चढवायच्या आधी नकाशा बघायला मागितला, तर मथळा ‘कंपाउंड वॉल’ आणि उंची दीड मीटर. भिंत व्हायची होती जमिनीवर २.७ मीटर, लांबी १४ मीटर. दीड मीटर कुठून आलं? तर नियमावलीत कंपाउंडला समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटरपर्यंत उंची चालते, वरचा भाग जाळीचा ठेवला तर २.४. त्या मापात बसवलं की फाइल पुढं सरकते. "सगळे असंच करतात, काकू."

बुकपोस्टाच्या, म्हणजे छापील पुस्तकांसाठीच्या स्वस्त दरात लोणच्याची बरणी पाठवणारे मी खूप पाहिलेत. फुटेपर्यंत सगळं ठीक असतं.

कंपाउंड फक्त स्वतःला सांभाळतं. ही भिंत नानांच्या परसूला सांभाळणार. स्ट्रक्चरलवाल्या साहेबांनी, म्हणजे भिंतीच्या मजबुतीचं गणित करणाऱ्या इंजिनिअरांनी, नंतर मला कागदावर काढून दाखवलं : भिंतीची उंची दुप्पट झाली की मातीचा रेटा चौपट होतो, आणि मागं पाणी साठलं तर त्याचा रेटा वेगळा, मातीच्या वर. म्हणून तळ जवळजवळ पावणेदोन मीटर रुंद, कडक मुरूम लागेपर्यंत खोल. दीड मीटरच्या कंपाउंडच्या नकाशावर असली भिंत बांधली असती तर ती कागदावर नसतीच, आणि उद्या काही झालं असतं तर मी नेमकं काय बांधलं हे मलाच सांगता आलं नसतं. नकाशा बदलून घेतला. अभियंत्यांचा एक तारा इथं गेला.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. मालमत्ता पत्रक, बिगरशेतीचा आदेश, मंजूर लेआउटची प्रत, घरपट्टी भरल्याची पावती, स्ट्रक्चरलचा दाखला. ज्यांच्याकडं पिशवीत सगळं एकत्र असतं त्यांचं एका दिवसाचं काम. मोजणीचं मात्र सांगते. जुनी ताल आमची की नानांची हे चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. भूमी अभिलेखचे मोजणीदार आले, खुणा मारल्या आणि ताल एका टोकाला ४० सेंटिमीटर नानांच्या हद्दीत निघाली. नाना दोन दिवस चहाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि पाचशेच्या स्टॅम्पवर संमती देतो म्हणाले, आंब्याला कुऱ्हाड लागणार नाही या अटीवर. मी लागलीच ‘हो’ म्हटलं. नव्या भिंतीचा तळ पुरता आमच्याच हद्दीत बसवायचा म्हणून भिंत पुढं आली आणि कपडे वाळत घालायची माझी तीन फुटांची पट्टी भिंतीच्या मागं गेली. लक्षात ठेवा, तळ मातीच्या बाजूला पसरतो. हद्दीला चिकटून भिंत मागाल तर तळ शेजाऱ्याच्या जमिनीखाली जाईल.

अर्ज १८ नोव्हेंबर २०२४ ला गेला. मुहूर्त काय निवडला बघा : दोन दिवसांवर विधानसभेचं मतदान. अर्ध्या खुर्च्या निवडणुकीच्या कामावर. बारनिशीतल्या, म्हणजे आवक-जावक टेबलावरच्या, बाईंनी मात्र हार्डकॉपीवर तारीखवार शिक्का मारून पोच दिली, न मागता. हा त्यांचा एक अख्खा तारा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जागा बघायला कार्यालयाची एक तरुण कनिष्ठ अभियंता आली. माझ्या मुलीपेक्षा लहान. नकाशात भिंतीला पाणी निघायची भोकं होती, दर दीड मीटरवर ७५ मिलिमीटरचा पाइप. तिनं बोट ठेवून विचारलं, "या भोकांतून आलेलं पाणी पुढं कुठं जाणार?" आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो. पाणी माझ्याच अंगणात पडणार होतं आणि तिथून माझ्याच घराच्या पायात. या सगळ्या प्रकरणात मला मिळालेला हा सर्वांत चांगला प्रश्न, आणि तो फीमध्ये धरलेला होता. भिंतीच्या पायथ्याला उघडं गटार, रस्त्याच्या गटारापर्यंत उतार देऊन, नकाशात आलं ते तिच्यामुळं.

१२ डिसेंबरला त्रुटीचं पत्र आलं. तीन मुद्दे : गटार, नानांची संमती आणि जागेच्या उताराच्या लेव्हल्स. डोंगरउतारावर बांधकामाला एकास पाच (पाच फुटांत एक फूट) चढाच्या मर्यादेचा नियम असतो, म्हणून तिसरा. त्रुटी पोर्टलवर एका रकान्यात आणि पत्रात दुसऱ्या क्रमानं, तेवढ्या गोंधळासाठी कार्यालयाचा अर्धा तारा कापला. उत्तर २० डिसेंबरला दिलं.

१७ जानेवारीला आमच्या अभियंत्यांचा फोन. "काकू, साठ दिवस झाले. मानीव परवानगी झाली, जेसीबी सांगू का?" मानीव म्हणजे मुदतीत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं. नगररचना कायद्याचं ते कलम ४५ मीही वाचलं होतं. साठ दिवस अर्जापासून किंवा त्रुटीच्या उत्तरापासून, त्यातली जी तारीख उशिराची असेल ती धरायची. म्हणजे मोजणी २० डिसेंबरपासून. टपाल खात्यात व्याजाची तारीख चुकली की पैसे पगारातून कापायचे, म्हणून ही सवय. परवानगी आली १४ फेब्रुवारीला, उत्तरापासून ५६ व्या दिवशी. अर्जापासून मोजलं तर ८८. कार्यालयाचं चलन ९,८०० रुपये, अभियंत्यांचे ३५,०००, स्ट्रक्चरलचे १८,०००. टेबलाखालचं काही नाही. कुणी मागितलं नाही, मी विचारलं नाही.

आता अभियंत्यांचं चांगलंही लिहिते, नाहीतर अन्याय होईल. फोन उचलतात. ताल एका दमात उतरवली असती तर आंब्यासकट सगळं खाली आलं असतं. चार-चार मीटरचे तुकडे करून, एक सोडून एक, खोदायला त्यांनी लावलं, आणि ठेकेदार कुरकुरला तरी बधले नाहीत. २०२५ चा पाऊस मे महिन्यातच येऊन बसला. तेव्हा शेवटच्या तुकड्यामागं दगडगोट्यांची भरणी व्हायची होती. रविवारी भर पावसात ते रेनकोट घालून आले आणि काळी माती परत ट्रॉलीत भरायला लावली. आमच्या गवंड्यानं तर फिनिशिंगच्या हौसेनं तीन भोकांवर प्लास्टर मारून टाकलं होतं. "घाण दिसत होती ती," म्हणाला. तीही त्यांनीच फोडून घेतली.

भिंतीला ५ लाख ४० हजार लागले. पूर्णत्वाच्या दाखल्याचा अर्ज दिलाय, आवक क्रमांक डायरीत आहे.

माझी जी तीन फुटांची पट्टी भिंतीमागं गेली तिथं नानांनी अळू लावलाय. पाऊस उघडून पंधरा दिवस झाले. सगळी भोकं कोरडी, तिसऱ्यातून मात्र रोज सकाळी साडेआठला पाणी येतं.