वजन उतरण्याची हमी

पैसे परत मागायला मी फोन केला, तेव्हा पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "सर, हमी वजन उतरण्याची होती. वजन उतरलं की नाही?"

उतरलं होतं. माझा मुलगा त्या दिवशी रुग्णालयात होता, छातीला वायरी लावून मॉनिटरखाली झोपवलेला, आणि वजन खरोखरच उतरलं होतं. मला काही बोलता आलं नाही. मी फोन ठेवला.

मुलगा सोळा वर्षांचा. लहानपणापासून अंगाने भरलेला. शाळेत त्याला काय काय नावांनी हाक मारत, ते मला फार उशिरा कळलं. घरात आम्हीही काही कमी नव्हतो. "आता बस कर" हे वाक्य मी त्याच्या ताटाकडे बघत किती वेळा म्हटलं असेल, त्याची गणतीच नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण वजन उतरवून देण्याचा धंदा करणाऱ्या त्या माणसाला आमच्या घरात शिरायला काही जोर लावावा लागला नाही.

सुरुवात चकटफू तपासणीने झाली. पाय ठेवायचे एक यंत्र, हातात दोन दांडे, आणि मिनिटभरात छापील कागद बाहेर. त्यावर चरबी, पाणी, स्नायू, आणि सगळ्यात खाली जाड अक्षरांत 'शरीराचं वय: ४१'. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात हा कागद दिल्यावर त्याचं तोंड कसं झालं, ते मला आजही दिसतं. तपासणी करणारा तो माणूस स्वतःला सर म्हणवून घ्यायचा, म्हणून आम्हीही सरच म्हणत होतो. सर म्हणाले, "घाबरू नका, नव्वद दिवसांत हे वय खाली आणू."

पुढे कळलं की ही यंत्रं अंगातून अगदी बारीक वीजप्रवाह सोडतात आणि त्याला होणाऱ्या विरोधावरून पाण्याचा, त्यावरून चरबीचा अंदाज बांधतात. पाणी पिऊन उभं राहिलं तर आकडा वेगळा, घाम गाळून आलं तर वेगळा. आमची पहिली तपासणी संध्याकाळी, जेवूनखाऊन, खिशात सगळं सामान ठेवून झाली होती. नंतरच्या सगळ्या सकाळी, अनशापोटी. इतकी साधी हातचलाखी! आणि मी दिवसभर हिशेबाच्या वह्या तपासणारा माणूस. भिंतीवर बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याचा तक्ता होता, तोही मोठ्या माणसांचा. वाढत्या वयातल्या मुलांचा बीएमआय त्यांच्या वयाच्या आणि लिंगाच्या आलेखावर ठेवून बघायचा असतो, हे तिथे कुणी सांगितलं नाही. मुळात हे गणित १८३० च्या दशकात केतले नावाच्या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने मांडलं ते समूहाचा अभ्यास करण्यासाठी. एकेका पोराला शिक्का मारणं हा त्याचा हेतू नव्हता.

मग हप्ते ठरले. दोन वेळच्या जेवणाऐवजी पावडर, रात्री 'शुद्धीचा चहा', आणि मोबाइलवर एक ग्रुप. ग्रुपवर रोज सकाळी काट्याचा फोटो टाकायचा. ज्याचं वजन उतरलं नाही, त्याच्या नावापुढे लाल खूण. एकही दिवस फोटो चुकला तर हमी रद्द. ही अट करारात होती, अगदी बारीक टाइपात. आणि एक नियम तोंडी: डॉक्टरांना विचारू नका, ते नुसते घाबरवतात. "डॉक्टर आजारावर जगतात, आपण आरोग्यावर," असं सर म्हणायचे. मला ते वाक्य आवडलं होतं. ऑफिसात मी ते दोघातिघांना ऐकवलंही होतं.

पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली आला. किती, ते लिहीत नाही. खाण्याचा विकार जडलेली मुलं असे आकडे वाचतात आणि त्यांच्याशी स्पर्धा लावतात, म्हणून या लेखात मुलाच्या वजनाचा किंवा खाण्याचा एकही आकडा सापडणार नाही. आम्हाला वाटलं चरबी गेली. खरं तर शरीर आधी यकृतातला आणि स्नायूंतला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन मोडतं, आणि त्या साठ्याने स्वतःच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवलेलं असतं. साठा गेला की पाणी जातं. कुठल्याही उपासमारीचा पहिला आठवडा असाच झकास दिसतो, आणि सगळे पुढचे हप्ते त्या आठवड्याच्या जोरावर वसूल होतात.

त्यानंतर जे घडलं, त्यावर माझा खरा राग आहे. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण आजाराचं एकेक लक्षण आम्हाला प्रगती म्हणून विकलं गेलं. मुलगा ऐन उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायला लागला. सर म्हणाले, चरबीचं पांघरूण गेलं ना, थंडी वाजणारच. उठताना चक्कर यायची, तर विषारी द्रव्यं बाहेर पडतायत. केस गळायला लागले, तर जुने जाऊन नवे येतायत. तो कुणाशी बोलेनासा झाला, मित्रांकडे जाईनासा झाला, तर एकाग्रता वाढलीय. प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार. आणि प्रत्येक उत्तराने माझा जीव भांड्यात पडायचा, कारण मला तेच ऐकायचं होतं.

तो घास इतके बारीक करायचा की ताटात जेवण आहे की चुरा, कळू नये. एकेक कण तोंडात ठेवून बसायचा. आणि तासन्‌तास स्वयंपाकाचे व्हिडिओ. रात्री दोन वाजता पांघरुणाखाली मोबाइलचा उजेड, आणि पडद्यावर कुणीतरी काहीतरी तळतंय. मी हिला म्हटलं, बघ, पोराला स्वयंपाकाची गोडी लागली. माझी मोठी मुलगी मात्र एकदा तोंडावर म्हणाली, "बाबा, तो दिवसभर खाण्याचे व्हिडिओ बघतो आणि खात काहीच नाही. तुम्हाला हे बरोबर वाटतं?" मी तिलाच गप्प केलं. पोरगा पहिल्यांदा काहीतरी मनावर घेतोय, त्यात खोडा घालू नकोस, म्हणालो.

नंतर डॉक्टरांनी मला मिनेसोटाच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. १९४४-४५ मध्ये, महायुद्ध चालू असताना, मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा खातं कसं करायचं, हे शोधायचं होतं. ते तरुण पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले. जेवणाचे बारीक तुकडे करून तासभर खेळत बसायला लागले. त्यांना थंडी वाजायची, ते चिडायचे, एकटे राहायचे, उदास व्हायचे. आधी कुणालाही खाण्याचा काही विकार नव्हता. ऐकताना मला वाटत होतं, ही डॉक्टरबाई माझ्या घरात येऊन बसली होती की काय. (१९७२ मध्ये त्या जुन्या गणिताला बीएमआय हे नाव दिलं तेही याच कीज यांनी. ज्या माणसाने उपासमार काय करते ते दाखवलं, त्यानेच नाव दिलेल्या तक्त्याखाली माझ्या मुलाला उपाशी ठेवण्याचा करार झाला.)

एक दिवस तो न्हाणीघरात पडला. दार आतून बंद होतं.

रुग्णालयात रक्तातलं पोटॅशियम २.८ आलं. ते ३.५ च्या वर हवं. ते इतकं खाली गेलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून त्या वायरी. डॉक्टरांनी विचारलं, घरी काय काय घेतो ते सगळं घेऊन या. मी डबे, पाकिटं नेऊन त्यांच्या टेबलावर मांडली. त्यांनी चहाचं पाकीट उलटं केलं, चष्मा वर सारून मागची ओळ वाचली आणि बोट ठेवलं. सोनामुखी. "हा चहा नाही, हे रेचक आहे," म्हणाल्या. अन्नातलं सत्त्व बहुतेक सगळं लहान आतड्यात शोषलं जातं; सोनामुखी काम करते ती त्याच्या पुढे, मोठ्या आतड्यावर. म्हणजे चरबी जागच्या जागी. बाहेर जातं पाणी आणि क्षार. काटा उतरतो, आणि त्याच वेळी पोटॅशियमही. नव्वद दिवस मी रोज रात्री स्वतःच्या हाताने तो चहा गाळून त्याला देत होतो.

त्यांनी निदान सांगितलं: अटिपिकल अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. मी त्याच्यासमोरच म्हणालो, "पण डॉक्टर, तो तर अजून जाडच आहे की!" त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, मला बाहेर घेऊन गेल्या, दार लावलं आणि मग म्हणाल्या, "हे वाक्य पुन्हा त्याच्या कानावर पडता कामा नये."

अ‍ॅनोरेक्सिया म्हटलं की डोळ्यांपुढे हाडांचा सापळा झालेली मुलगी येते. पण मानसिक आजारांच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएसएम या पुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत हा प्रकार स्पष्ट नोंदवलाय: वजन वाढण्याची भीती तीच, उपासमार तीच, फक्त वजन अजून तक्त्यातल्या सर्वसाधारण पट्ट्यात किंवा त्याच्या वर. माणूस आज किती किलोचा आहे यापेक्षा तो किती वेगाने किती घटला, हे शरीराला जास्त महागात पडतं. अशा मुलांना घरीदारी शाबासकी मिळत राहते. त्यात तो मुलगा. मुलग्याला असं काही होऊ शकतं हे कुणाच्या मनातच येत नाही. माझ्या तर नव्हतंच. खाण्याचे विकार हे सगळ्यात जीवघेण्या मानसिक आजारांपैकी आहेत, हे मी पन्नाशीला टेकल्यावर शिकलो.

पहिल्या दिवशी त्याला मोजून मापून इतकंसं जेवण दिलं की मी नर्सवर आवाज चढवला. उपाशी शरीरात एकदम अन्न ओतलं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येतं आणि जीवही जाऊ शकतो, याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात, हे तिने मला समजावून सांगितलं. घरी आल्यावर उपचार झाले ते कुटुंबाला धरून. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात ही पद्धत आकाराला आली. काही काळ जेवणाची सगळी जबाबदारी आईवडिलांकडे, वाद नाही, सौदा नाही, शेजारी बसून राहायचं. एकेक जेवण तासभर. मी बोललो काय नि हिने काय, तो ताटाकडे बघत रडायचा. आम्ही बसून राहायचो. असे कित्येक महिने.

त्या काळात एकदा मी त्याच्या संमतीने तो ग्रुप उघडून मागचं सगळं वाचलं. पाचव्या आठवड्यात त्याने रात्री पावणेतीनला लिहिलं होतं, "सॉरी सर, मी खाल्लं." सरांनी उत्तरादाखल दुसऱ्या दिवशीची पावडरही बंद केली होती आणि लाल खूण टाकली होती. खाली वीस-पंचवीस जणांचे अंगठे. पलीकडच्या खोलीत मी झोपलो होतो.

कुणी म्हणेल, चौकशी करायला काय झालं होतं. केली नव्हती, हेच खरं. भिंतीवरची प्रमाणपत्रं पावडर विकणाऱ्या कंपनीच्याच चार दिवसांच्या प्रशिक्षणाची होती. मी फक्त सोनेरी चौकट बघितली. पावतीवर 'उपचार' हा शब्द कुठेच नव्हता, 'जीवनशैली सल्ला' होता, त्यामुळे पुढे तक्रार करताना तेही आडवं आलं. सरांनी वजन, उंची आणि हप्त्याची तारीख सोडून काही विचारलं नाही. आता ज्या आहारतज्ज्ञांकडे जातो, त्यांनी पहिल्या भेटीत झोप विचारली, शाळा विचारली, कुणी चिडवतं का ते विचारलं, रक्त तपासायला सांगितलं, आणि काटा मुलाकडे पाठ करून ठेवला. वाढत्या मुलाचं वजन डॉक्टरांना खरोखर जास्त वाटलं तरी उपाय असा नसतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय की किशोरवयीन मुलांना डाएटला लावू नका, घरात वजनावर बोलू नका, एकत्र बसून जेवा. यातलं काहीच कुणाला विकता येत नाही, म्हणून बहुधा आमच्यापर्यंत पोचलं नाही.

शेवटच्या टप्प्याचं पार्सल तो रुग्णालयात असताना आलं. पांढरी डबी, आत कॅप्सुला, वर फक्त 'शंभर टक्के नैसर्गिक'. घटक काहीच नाहीत. डॉक्टरांनी डबी न उघडताच ठेवून घेतली. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध हृदयाच्या धोक्यामुळे २०१० मध्ये अमेरिका-युरोपच्या बाजारातून काढलं गेलं, आणि त्यानंतरही 'वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते पुन्हा पुन्हा सापडत आलंय. या डबीत काय होतं, कुणास ठाऊक. कमी पोटॅशियमवर ती सुरू झाली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मी डॉक्टरांना एकदा विचारला. दुसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही.

पैसे मिळाले नाहीत. तक्रार दिलीय, तारखा पडतायत. मुलगा बरा होतोय. काही दिवस चांगले, काही नाही.

त्याचा फोटो मात्र त्यांच्या जाहिरातीत अजून आहे. करारात तशी परवानगी मीच दिली होती. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. उजवीकडच्या फोटोत तो जुन्या पँटची कंबर हाताने पुढे ओढून उभा आहे आणि हसतोय. तो फोटो, मुलगा न्हाणीघरात पडला त्याच्या चार दिवस आधीचा. काढताना मी त्याला दोनदा म्हटलं होतं, "हात हलवू नकोस रे, फोटो हलतोय." थंडीने थरथरत होते ते.