अँटेनापॉडवर आठ महिने: पॉडकास्ट शोधणं, ऐकणं आणि जपून ठेवणं

फोन ६४ जीबी साठ्याचा, मधल्या किमतीचा अँड्रॉइड. वापर आठ महिने, रोज साधारण दीड तास, बहुतेक वेळ लोकलमध्ये आणि स्वयंपाकघरात. सबस्क्रिप्शन्स ३४, त्यातली नियमित ऐकली जाणारी बारा-तेरा. ॲप एकच, अँटेनापॉड.

मत आधीच सांगून टाकायचं तर पॉडकास्ट ऐकायला अकाउंट लागत नाही आणि महिन्याची वर्गणीही लागत नाही. लागतो तो कार्यक्रमाच्या फीडचा पत्ता (फीड म्हणजे काय ते खाली आहे). तो एकदा हातात आला की कार्यक्रम कुठल्याही ॲपमध्ये ऐकता येतो, आणि उद्या ते ॲप बंद पडलं तरी यादी आपल्याकडेच राहते. गुगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा ज्यांनी यादी वेळेत बाहेर काढली त्यांचं फार काही बिघडलं नाही. बाकीच्यांना एकेक कार्यक्रम आठवून पुन्हा शोधावा लागला.

फीड म्हणजे आरएसएस नावाची साधी मजकुराची फाइल. प्रत्येक भागाचं नाव, तारीख, माहिती आणि ऑडिओ फाइलचा पत्ता एवढंच तिच्यात असतं. ॲप ठरावीक वेळाने ही फाइल वाचतं आणि नवीन नोंद दिसली की भाग दाखवतं. ॲपलने २००५ मध्ये आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणले तेही याच पायावर, आणि आजही हा पाया बदललेला नाही. अडचण आली की आधी हे चित्र डोळ्यांसमोर आणावं. बिघाड फीडमध्ये आहे, फाइलच्या सर्व्हरवर आहे की आपल्या फोनमध्ये, हे ओळखता आलं की अर्धं काम होतं.

अँटेनापॉड मोफत आहे, मुक्त स्रोत आहे (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे), स्वयंसेवक ते चालवतात आणि ॲपच्या स्वतःच्या जाहिराती नाहीत. प्ले स्टोअरवर मिळतं, एफ-ड्रॉइड या मुक्त स्रोत ॲप्सच्या दुकानातही मिळतं. फरक इतकाच की टीव्हीवर किंवा स्पीकरवर कास्ट करायची सोय प्ले स्टोअरच्या आवृत्तीत आहे, एफ-ड्रॉइडच्या नाही. आयफोनसाठी हे ॲप नाही. तिथे ॲपल पॉडकास्ट्स, ओव्हरकास्ट किंवा पॉकेट कास्ट्स वापरावं. फीडचा पत्ता तिघांनाही चालतो.

शोधताना

‘ॲड पॉडकास्ट’ उघडलं की वर शोधपेटी दिसते. ती ॲपल आणि पॉडकास्ट इंडेक्स यांसारख्या सूच्यांमध्ये एकत्र शोधते. खाली प्रत्येक सूचीत वेगळं शोधायची सोय आहे, आणि पत्ता हाताने टाकायची जागाही आहे. इंग्रजी कार्यक्रम नाव टाकताच सापडतात. मराठीची खरी अडचण लिपीची आहे. काही निर्माते नाव देवनागरीत नोंदवतात, काही रोमनमध्ये, काही दोन्ही मिसळून. म्हणून ‘अमुक तमुक’ या मराठी कार्यक्रमाचं नाव देवनागरीत टाकून काही आलं नाही तर रोमनमध्ये टाकावं, आणि ‘मित्रम्हणे’ या कार्यक्रमाचं नाव एकदा जोडून, एकदा तोडून टाकून बघावं. रोमनमध्ये दीर्घ ‘आ’साठी एक ए की दोन, ‘व’साठी व्ही की डब्ल्यू, एवढ्याशा फरकानेही निकाल कोरा येतो. ‘पुलियाबाजी’ या हिंदी कार्यक्रमाच्या रोमन नावात ‘बा’मध्ये दोन ए आहेत आणि ‘जी’ला झेड आहे, आपल्या सवयीने लिहिलं तर तो हुकू शकतो. तीन स्पेलिंग टाकून झाली की नावाचा नाद सोडावा आणि सूत्रसंचालकाचं किंवा निर्मिती संस्थेचं नाव टाकावं. बऱ्याचदा कार्यक्रम तिथे सापडतो.

तरीही नाही सापडला तर दोन वाटा उरतात. कार्यक्रमाच्या वेबसाइटवर आरएसएसचं चिन्ह किंवा शब्द शोधावा, त्याची लिंक कॉपी करून ॲपमध्ये पत्त्याच्या जागी चिकटवावी. ॲपल पॉडकास्ट्सच्या पानाची लिंक चिकटवली तरी अँटेनापॉड त्यातून मूळ फीड शोधून काढतं. स्पॉटिफायची लिंक मात्र अशी उपयोगी पडत नाही. कार्यक्रम स्पॉटिफायवरच ठेवला असेल आणि निर्मात्याने आरएसएस चालू केलं नसेल, तर तो तिथेच ऐकावा लागतो.

मराठीत सगळ्यात जास्त निराशा होते ती यूट्यूबमुळे. कितीतरी चांगल्या मुलाखती ‘पॉडकास्ट’ नावाने फक्त यूट्यूबवर येतात. ते व्हिडिओ आहेत. त्यांच्यामागे ऑडिओची फाइल असलेलं फीड नसतं, त्यामुळे कुठलंही पॉडकास्ट ॲप त्यांना उचलू शकत नाही. यूट्यूबच्या मुख्य ॲपमध्ये स्क्रीन बंद करून ऐकायचं तर प्रीमियम वर्गणी भरावी लागते. श्रोत्यांनी निर्मात्यांना नम्रपणे लिहावं की ऑडिओ फीडही काढा. ऑडिओ त्यांच्याकडे तयारच असतो. फाइल चढवणं आणि माहिती भरणं एवढंच काम उरतं, आणि प्रवासात ऐकणारा मोठा वर्ग त्यांना मिळतो.

आवडेल का, हे ठरवताना

‘डिस्कव्हर’मध्ये देशानुसार लोकप्रिय यादी दिसते. भारताची यादी निवडली तरी त्यात मराठी क्वचितच हाती लागतं, आणि लोकप्रिय म्हणजे आपल्याला आवडणारं असं काही नसतं. ॲप स्वतः शिफारशी करत नाही. ही उणीव वाटेल, पण आठ महिन्यांनंतर ती बरीच वाटते, कारण यादीत आपण निवडलेलंच राहतं.

निवडीची एक रीत पक्की उपयोगी पडली. ट्रेलर ऐकू नये, आणि ताजा भागही आधी लावू नये. आपल्याला ज्या विषयातलं चांगलं कळतं त्या विषयावरचा जुना भाग शोधावा. कुणाला शेती कळते, कुणाला शास्त्रीय संगीत, कुणाला आयकर. त्या भागात सूत्रसंचालक चुका करतोय का, पाहुण्याला मध्येच तोडतोय का, तयारी करून आलाय का, हे पंधरा मिनिटांत उमगतं. तिथे तो टिकला तर आपल्याला न कळणाऱ्या विषयांतही त्याच्यावर विश्वास टाकता येतो. सबस्क्राइब न करताही भाग आधी ऐकून बघता येतो, त्यामुळे यादी वाढत नाही. पहिली दोन मिनिटं ओळख आणि जाहिरातीत जातात. पाचव्या मिनिटापासून ऐकावं.

भागाची लांबीही आधी बघावी. बीबीसी मराठीची ‘सोपी गोष्ट’ भाजी चिरेपर्यंत संपते. अमित वर्मा यांचा ‘द सीन अँड द अनसीन’ २०१७ मध्ये छोट्या भागांनी सुरू झाला आणि नंतर एकेक भाग कित्येक तासांचा झाला. तो आठवडाभराच्या प्रवासात वाटूनच ऐकावा लागतो. लांब कार्यक्रम आवडत नाही असं म्हणणाऱ्यांची गल्लत पुष्कळदा एवढीच असते की तो त्यांनी चुकीच्या वेळेसाठी निवडलेला असतो. ॲपमध्ये कार्यक्रमांना टॅग देता येतात. ‘लोकल’, ‘स्वयंपाक’, ‘रात्री’ असे वेळेवरून दिलेले टॅग ‘इतिहास’, ‘अर्थकारण’ अशा विषयांच्या टॅगपेक्षा रोजच्या वापरात जास्त कामी येतात.

इनबॉक्स, रांग आणि डाउनलोड

नवा भाग इनबॉक्समध्ये येतो. तिथून तो बोटाने सरकवून रांगेत, म्हणजे पुढे ऐकायच्या भागांच्या यादीत, टाकायचा किंवा काढून टाकायचा. हे रोज एकदा, दोन मिनिटांत उरकतं. रोजच्या बातम्यांचा कार्यक्रम असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये नवा भाग थेट रांगेत जाईल असं ठरवता येतं. ज्याचे दहातले दोनच भाग ऐकले जातात तो इनबॉक्समध्येच येऊ द्यावा. सगळंच रांगेत जाऊ दिलं तर महिन्याभरात रांग ऐंशीवर जाते आणि मग तिच्याकडे बघवत नाही.

साठ्याचा हिशोब सोपा आहे. ६४ केबीपीएसचा (सेकंदाला ६४ किलोबिटचा) भाग तासाला सुमारे २९ एमबी घेतो, १२८ केबीपीएसचा सुमारे ५८ एमबी. नुसत्या बोलण्याला ६४ पुरतं, पण ते निर्माता ठरवतो. फीडमध्ये असेल तेवढीच फाइल येते. म्हणजे पाच तासांचा एक भाग जवळजवळ ३०० एमबी खाऊ शकतो. डाउनलोडच्या सेटिंगमध्ये आपोआप उतरवायच्या भागांची मर्यादा २५ च्या आसपास ठेवावी आणि ऐकून झाल्यावर भाग पुसण्याचा पर्याय चालू करावा. सगळ्या कार्यक्रमांना आपोआप डाउनलोड लावू नये, चार-पाच पुरेत. मोबाइल डेटावर काय चालेल हेही वेगवेगळं ठरवता येतं. फीड ताजं करायला परवानगी द्यावी, कारण त्याला फारसा डेटा लागत नाही. भाग उतरवायला वाय-फायच ठेवावं. लोकलमध्ये नेटवर्क तुटत राहतं, तिथे स्ट्रीमिंगच्या भरवशावर राहू नये.

रात्री वाय-फाय चालू असून सकाळी एकही भाग उतरलेला नसेल, तर दोष बहुधा ॲपचा नसतो. अनेक कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला पार्श्वभूमीतली ॲप बंद करतात. फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात अँटेनापॉड, त्यात बॅटरी, आणि तिथे ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडावं. काही फोनांत ‘ऑटोस्टार्ट’ वेगळं असतं, तेही चालू करावं. ऐकता ऐकता दहा-पंधरा मिनिटांनी आवाज अचानक थांबतो, त्याचंही कारण बऱ्याचदा हेच असतं. बॅटरी सेव्हर चालू असेल तर एवढं करूनही त्रास होऊ शकतो.

आवाज

वेग प्रत्येक कार्यक्रमाला वेगळा ठेवता येतो. या एका सोयीसाठीही हे ॲप घ्यावं. सावकाश बोलणाऱ्या मराठी मुलाखती १.३ वर सहज कळतात आणि तासाचा भाग ४६ मिनिटांत होतो. वेगात बोलणारे, किंवा तिघेचौघे एकमेकांवर बोलणारे, १ वरच बरे. उरलेला वेळ वेगानुसार दाखवायचा पर्याय आहे, तो चालू केला की ठाण्यापर्यंत भाग संपेल का ते खरं कळतं. शांतता गाळण्याचा पर्याय गप्पांना ठीक आहे. कवितावाचन, कथाकथन किंवा गाण्यावरच्या कार्यक्रमाला तो चुकूनही लावू नये. तिथे थांबणं हा सांगण्याचाच भाग असतो, आणि तानपुऱ्याच्या हळू सुरांवर हा पर्याय कात्री चालवतो.

घरगुती रेकॉर्डिंगचे कार्यक्रम फार हळू ऐकू येतात. त्यासाठी कार्यक्रमाच्या सेटिंगमध्ये आवाज वाढवायच्या आणि कमी करायच्या पायऱ्या आहेत. सगळ्यात वरच्या पायरीवर आवाज फाटतो, मधली बहुतेक वेळा पुरते. दर भागाला तेच दीड मिनिटाचं संगीत असेल तर सुरुवातीचे सेकंद आपोआप वगळता येतात. त्यासाठी आधी तीन भाग तपासावेत. संगीताची लांबी दर वेळी बदलत असेल तर पहिलं वाक्य कापलं जातं.

झोपताना ऐकणाऱ्यांसाठी टायमर आहे. फोन हलवला की तो पुन्हा सुरू होईल असं ठेवता येतं, त्यामुळे अंधारात स्क्रीन पेटवावी लागत नाही. रात्रीच्या ठरावीक तासांत तो आपोआप लागेल असंही ठेवता येतं.

एक कोडं बऱ्याच जणांना पडतं: भागाच्या माहितीत ‘२३:१० पासून पाणीप्रश्न’ लिहिलेलं असतं, आणि तिथे गेलं तर भलतंच चाललेलं असतं. काही सर्व्हर फाइल मागितली जाते त्या क्षणी, ऐकणाऱ्याच्या देशानुसार, जाहिराती आत जोडतात. मग पुण्यात उतरवलेली फाइल आणि न्यू जर्सीत उतरवलेली फाइल वेगवेगळ्या लांबीची होते आणि लिहिलेले वेळ सरकतात. त्याच कारणाने अर्धा भाग स्ट्रीम करून पुढचा डाउनलोडवरून ऐकला तर जागा मिनिटभर इकडेतिकडे होते. उपाय एकच, भाग आधी पूर्ण उतरवावा आणि तीच फाइल शेवटपर्यंत ऐकावी.

जुने भाग गायब दिसणं हेही ॲपचं काम नव्हे. काही निर्माते फीडमध्ये फक्त अलीकडचे भाग ठेवतात. आवडलेला कार्यक्रम दिसला की लगेच सबस्क्राइब करावं, कारण फीडमधून नोंद गेली तरी अँटेनापॉडच्या यादीत ती राहते. सर्व्हरवरची फाइलच पुसली गेली तर मात्र वाजणार नाही. जपायचे भाग उतरवून ठेवावेत आणि ते आपोआप पुसले जाणार नाहीत हे बघावं.

स्थानिक फोल्डर जोडायची सोय फारशी कुणी वापरत नाही, ती वापरावी. व्याख्यानमालेची रेकॉर्डिंग, शिक्षकांनी पाठवलेले धडे, जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं कीर्तन, असं सगळं एका फोल्डरमध्ये ठेवून तो जोडला की प्रत्येक फाइल भागासारखी दिसते. कुठे थांबलो ते लक्षात राहतं, वेग आणि टायमरही चालतो. फाइलींच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे इंग्रजीत घालावेत आणि क्रम नावानुसार लावावा.

दोन उपकरणांवर ऐकणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की जीपॉडर किंवा नेक्स्टक्लाउड या उपकरणं जुळवणाऱ्या सेवा जोडून सबस्क्रिप्शन्स आणि ऐकण्याची जागा जुळते, रांग जुळत नाही. फोन आणि टॅबलेट दोन्हीवर रांगेनेच ऐकणाऱ्यांसाठी हे ॲप अपुरं आहे.

फोन बदलताना ओपीएमएल आणि डेटाबेस या दोन्ही फाइली काढाव्यात. ओपीएमएलमध्ये फक्त कार्यक्रमांची यादी असते आणि ती कुठल्याही पॉडकास्ट ॲपमध्ये चालते. डेटाबेसमध्ये काय ऐकलं, कुठे थांबलो, रांग, टॅग हे सगळं असतं, पण तो फक्त अँटेनापॉडमध्येच उघडतो. उतरवलेल्या ऑडिओ फाइली दोन्हींत नसतात. नव्या फोनवर आधी ॲप ताजं करावं, कारण नव्या आवृत्तीतला डेटाबेस जुन्या आवृत्तीत जात नाही. मग काहीही सबस्क्राइब न करता थेट डेटाबेस आत घ्यावा. तो आधीचं सगळं पुसून त्या जागी बसतो. बॅटरीचं सेटिंग नव्या फोनवर पुन्हा करावं लागतं.