वॉर्डात इन्सुलिन: व्हायल की पेन?

मिरजेतल्या एका छोट्या नर्सिंग होमच्या सिस्टर विचारत होत्या, वॉर्डसाठी काय मागवू?

खर्चात व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, सरळ स्वस्त. दर वेळी नवी सिरिंज घेतली की एका व्हायलीत अनेकांचं भागतं. पेन, म्हणजे आत औषधाची नळी (कार्ट्रिज) असलेलं टोचायचं साधन, एकाच रुग्णाचं. सुई बदलली तरी कार्ट्रिजमध्ये रक्त मागे येऊ शकतं, त्यामुळे पेनवर नाव लिहा आणि ते दुसऱ्याला लावूच नका.

खरी मेख डोसात आहे. आपल्याकडची व्हायल बहुतेक मिलीला ४० युनिटची, तिची सिरिंज लाल टोपणाची. पण १०० युनिटचीही मिळते, तिला केशरी टोपणाची लागते. १०० चं औषध लालमध्ये भरलं, तर खुणेवर २० दिसतात आणि रुग्णाला ५० जातात! पेनच्या कार्ट्रिजमध्येही सहसा १०० चंच असतं, ते सिरिंजने ओढणं हा त्याच जातीचा उद्योग. पेनवर आकडा फिरवायचा असल्याने हा घोळ टळतो. मात्र आधी २ युनिट हवेत सोडून बघायचे आणि टोचल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढायची. घाईच्या राऊंडला नेमकं हेच राहतं.

साठवण दोन्हीची सारखीच: न उघडलेलं फ्रीजमध्ये, उघडल्याची तारीख वर लिहायची.

सलाइनमधून इन्सुलिन द्यावं लागणारे, रोज बदलणारे रुग्ण असतील तर व्हायल घ्या, पण ४० आणि १०० एकाच ट्रेमध्ये ठेवू नका. घरी स्वतः टोचून घेणाऱ्या, नजर अधू झालेल्या आजोबांना पेनच द्या.