पायांवरच्या शिरा: इंजेक्शन घ्यावं की लेसर करावं?

पायांवर जांभळ्या रेषा दिसू लागल्या की बहुतेक जण डॉक्टरांना पहिलं हेच विचारतात, ‘इंजेक्शन बरं की लेसर?’ मीही तेच विचारलं होतं. पण खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: शीर किती जाड आहे आणि तिच्यात रक्त कुठून उतरतंय?

1 मिलिमीटरहून बारीक, लाल-जांभळ्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या त्या स्पायडर व्हेन्स. 1 ते 3 मिलिमीटरच्या हिरवट-निळ्या शिरा त्यांच्या थोरल्या बहिणी. उभं राहिल्यावर 3 मिलिमीटर किंवा त्याहून जाड, वेड्यावाकड्या फुगून वर येतात त्या व्हेरिकोज. शिरांमध्ये छोट्या झडपा असतात. त्या नीट मिटेनाशा झाल्या की वर जाणारं रक्त पुन्हा खाली उतरतं, साचतं आणि शीर फुगते. गळती जांघेत आणि जाळं घोट्याजवळ, असंही होतं. अशा वेळी नुसतं जाळं घालवलं तर ते पुन्हा उगवतं. म्हणून शिरा फुगल्या असतील, पाय जड होत असतील, घोट्याशी सूज किंवा काळपटपणा असेल तर डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे शिरेतलं रक्त कुठल्या दिशेने वाहतंय ते दाखवणारी तपासणी, आधी, बाकी सगळं नंतर. ही तपासणी उभं राहून करतात, कारण आडवं झाल्यावर गळती नीट कळत नाही.

आता इंजेक्शन, म्हणजे स्क्लेरोथेरपी. पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे औषध शिरेच्या आतल्या अस्तराला इजा करतं. भिंती एकमेकींना चिकटतात, शीर बंद होते आणि शरीर तिला हळूहळू जिरवून टाकतं. माझ्या मांडीवर हे होताना मी वाकून बघत होते. सुई केसासारखी बारीक. औषध आत शिरलं आणि लाल जाळं डोळ्यांदेखत पुसल्यासारखं गायब झालं. मिनिटभरात तिथे डास चावल्यासारखी गांधी उठली, खाज सुटली. दुखलं म्हणावं असं काही नाही. पॉलिडोकॅनॉल मुळात भुलीचं औषध म्हणूनच तयार झालं होतं. मात्र ते ‘गायब होणं’ खरं नसतं. पुढचे काही दिवस पाय आधीपेक्षा वाईट दिसतो, हे कुणीतरी आधी सांगायला हवं. बारीक शिरा विरायला 3 ते 6 आठवडे लागतात, जाड शिरांना 3-4 महिने. एका बैठकीत काम क्वचितच संपतं.

जाड शिरेत पातळ औषध रक्तात मिसळून फिकं पडतं, म्हणून त्याचा फेस करतात. दोन सिरिंज एका तोटीने जोडायच्या, एक भाग औषध, साधारण चार भाग हवा, आणि या सिरिंजमधून त्या सिरिंजमध्ये वीसेक वेळा ढकलायचं. साबणासारखा दाट पांढरा फेस तयार होतो. तो रक्ताला पुढे ढकलून भिंतीला भिडतो, आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर तो कुठवर पोचला हेही दिसतं.

‘लेसर’ या एका शब्दाखाली दोन वेगळे उपचार येतात आणि गोंधळ तिथेच होतो. पहिला त्वचेवरून मारायचा. चेहऱ्यावरच्या रेषांसाठी तो चांगला. पायांसाठी मात्र इंजेक्शनच सरस, कारण जाळ्याला रक्त पुरवणारी निळी शीरही त्यातून बंद करता येते. सुई शिरणार नाही इतक्या बारीक रेषा असतील, औषधाची ॲलर्जी असेल किंवा सुईची फारच धास्ती असेल, तर लेसरचा विचार करावा. सावळ्या त्वचेत रंगद्रव्य जास्त, त्यामुळे प्रकाश तिथेच शोषला जाऊन भाजल्याचे डाग पडू शकतात. अशा त्वचेला 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचं लेसर तुलनेने सुरक्षित. डाग इंजेक्शननेही पडतात. रक्तातल्या लोहाच्या त्या तपकिरी रेषा बहुतेकांच्या काही महिन्यांत किंवा वर्षभरात फिकटतात, काहींच्या राहतात.

दुसरं लेसर शिरेच्या आतून. मुख्य शिरेभोवती भुलीचं पाणी भरतात, बारीक तार आत सरकवतात आणि उष्णतेने शीर बंद करतात. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. मुख्य शीरच गळत असेल तर माझा कौल निःसंशय याला. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या 2013 च्या मार्गदर्शनातला क्रमही असाच आहे: आधी उष्णतेचा उपचार, तो जमत नसेल तर फेस, तोही नाही तर शस्त्रक्रिया. 798 रुग्णांच्या ब्रिटिश अभ्यासाचे पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. त्यात लेसर किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांचं जगणं फेसवाल्यांपेक्षा अधिक सुसह्य होतं. तरी फेसाची जागा आहेच. शीर इतकी वळणाची की तार जात नाही, किंवा शस्त्रक्रियेनंतर शिरा परत आल्या, तिथे तोच कामाचा. शिवाय गुडघ्याखाली लेसरच्या उष्णतेने मज्जातंतू दुखावून बधिरपणा येऊ शकतो. फेसात उष्णता नसते.

माझ्या मोठ्या बहिणीची गळती जांघेतली निघाली. तिचं आतलं लेसर आधी झालं आणि उरलेल्या शिरांना नंतर फेस. माझ्यासारखी नुसती इंजेक्शनं घेतली असती तर वर्षभरात पुन्हा तिथेच आली असती.

पायात नुकतीच गुठळी झालेली असेल तर इंजेक्शन नको. हृदयात छिद्र असेल, किंवा डोळ्यांपुढे चमकून मायग्रेन येत असेल, तर फेसाआधी डॉक्टरांना सांगाच; फेसानंतर थोडा वेळ दृष्टी बिघडल्याचे प्रकार घडतात. गरोदरपणात थांबावं. बाळंतपणानंतर पुष्कळ शिरा आपोआप बसतात. तोवर दाब देणारे मोजे वापरावेत. त्यांनी ठणका कमी होतो, शीर मात्र जात नाही.

आणि उपचारानंतर एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखून घट्ट झाली किंवा दम लागू लागला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा.