निसर्गचित्रांची वचनकार्डे: घेण्याआधी मागची बाजू पाहा

आजारपणात, नोकरी गेल्यावर किंवा घरात कोणी दगावल्यावर अख्खा अध्याय वाचवत नाही. एका नजरेत मावेल एवढेच वचन झेपते. म्हणून झाड, खडक, हरिणी अशा पवित्र शास्त्रातल्या (बायबलमधल्या) चित्रांची वचनकार्डे, म्हणजे चित्राखाली एक वचन छापलेली कार्डे, खरोखर उपयोगी पडतात. मात्र पुष्कळ संचांत एक मोठा दोष आहे. वचन अर्धेच छापतात आणि गाळलेला अर्धा भाग नेमका संकटाचा असतो.

हबक्कूक 3:19 चे कार्ड घ्या. उंच कड्यावर हरिणी, खाली परमेश्वर बळ देतो हे वचन. पण 17 व्या वचनात सहा गोष्टी हातच्या गेल्या आहेत: अंजिराला कळी नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत. तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असे 18 वे वचन म्हणते. सगळा विश्वास त्या ‘तरी’त आहे आणि कार्डावर तोच नसतो.

यिर्मया 17:8 चे हिरवे झाड बहुतेक संचांत सापडते. त्या झाडालाही ऊन लागते, त्याच्यावरही अवर्षणाचे वर्ष येते. मुळे पाण्याकडे गेलेली असल्याने पान मात्र सुकत नाही. 6 व्या वचनातले रानातले खुरटे झुडूप शेजारी छापले, तरच हा फरक दिसतो. मत्तय 7:24-27 चेही तसेच. खडकावरचे घर असो की वाळूवरचे, पाऊस, पूर आणि वारा दोन्ही घरांवर सारखाच येतो, फरक पायाचा आहे. नुसता खडक छापलेले कार्ड वादळाबद्दल काहीच सांगत नाही. ‘शांत राहा’ म्हणणाऱ्या स्तोत्र 46:10 खाली संथ तळे छापतात, तेव्हा तर वाईट वाटते. त्याच स्तोत्रात डोंगर समुद्रात ढासळत आहेत.

सर्वांत जपून घ्यावे ते ईयोब 14:7-9. तोडलेल्या झाडाला पाण्याच्या वासाने पुन्हा धुमारे फुटतात, हे चित्र मोहक आहे. पण सर्वस्व गमावलेला ईयोब ते तक्रार म्हणून बोलतो: झाडाला आशा आहे, माणूस मात्र मेला की संपला (14:10). पुढे 13 ते 15 मध्ये तो देवाने आपली आठवण ठेवावी म्हणून तळमळतो. कार्डाच्या मागे निदान 15 व्या वचनापर्यंतचा भाग हवा.

छपाईचेही पाहा. ए6 म्हणजे 105 × 148 मिमी आकार उशाशी ठेवायला पुरतो. कागद 300 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपास असावा, त्याहून बराच पातळ असला तर उभे ठेवलेले कार्ड वाकते. चकचकीत लॅमिनेशन दिव्याखाली चमकते आणि त्यावर पेन्सिल उमटत नाही, तेव्हा मागची बाजू साधी, कोरी हवी. ढगांवर पांढरी अक्षरे असलेला संच घेऊच नका, थकलेल्या डोळ्यांना ती वाचता येत नाहीत.

वापरताना आठवडाभर एकच कार्ड ठेवा. पहिल्या दिवशी वचनाच्या आधीची पाच आणि नंतरची पाच वचने वाचा. चित्रातल्या झाडाला किंवा प्राण्याला काय सोसावे लागते, ते कार्डामागे एका ओळीत लिहा. पुढचे सहा दिवस सकाळी आणि झोपताना ती ओळ व वचन मोठ्याने म्हणा. रोज कार्ड बदलले तर काहीच मुरत नाही. डोळे मिटून कार्ड उचलणे तर टाळाच, त्याने वचन म्हणजे भविष्य पाहण्याची चिठ्ठी होते.

शोकात असलेल्या माणसाला गरुडासारखे उंच उडण्याच्या वचनाचे (यशया 40:31) कार्ड नको. स्तोत्र 42 द्या: आधी पाण्यासाठी लुलपणारी हरिणी, रात्रंदिवस अश्रू हेच अन्न, आणि 7 व्या वचनात अंगावरून जाणाऱ्या लाटा. ते देताना सोबत काही समजावू नका.